चोवीस माणसं, पाचगणी आणि दहा वेळचं खाणं

२१ एप्रिल २०२४, रविवार

रिसॉर्टचं बुकिंग आज झालं. ९ ते १२ मे, तीन रात्री, पाचगणीच्या पुढे भिलारच्या बाजूला, सात खोल्या. जेवणाचं मी बघते म्हणाले आणि आजच वही घातली. एवढं मोठं खटलं घेऊन कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून चुका, खर्च, वाया गेलेला वेळ सगळं जसंच्या तसं लिहिणार आहे.

मी पुढे झाले ते गेल्या वर्षीच्या कोकणच्या सहलीमुळे. तिथं बंगला घेतला होता. "घरच्यासारखं करून खाऊ" असं सगळ्यांनी ठरवलं आणि करणाऱ्या दोघीच राहिल्या, काकू (माझ्या चुलत सासूबाई) आणि मोठ्या जाऊबाई. काकूंनी समुद्र पाहिला तो तिसऱ्या दिवशी, दिवेलागण झाल्यावर, दहा मिनिटं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत, पण सांगलीला आल्यावर त्यांच्या पायाची सूज आठवडाभर उतरली नव्हती. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम लिहिला आहे: स्वयंपाकघरात कुणीही दिवसातून एकदाच जायचं आणि दीड तासाच्या वर थांबायचं नाही.

माणसं अशी: आजी (वय ८४, मधुमेह, खालचे दात नाहीत), आई-अण्णा, काका-काकू, चार भावांच्या चार जोड्या, नणंद आणि जावई. मोठी पंधरा. मुलं आठ, त्यात एक दीड वर्षाचं. एकूण तेवीस.

रिसॉर्टची शाकाहारी थाळी मोठ्यांना ४५० आणि मुलांना ३००. दीड वर्षाचं बाळ सोडून एका वेळचे ८,८५० होतात. तिथं राहून पाच जेवणं होणार, म्हणजे ४४,२५०. अण्णा म्हणाले, सुट्टी आहे, देऊन टाकू. मला ते पटत नव्हतं. पैशाचं एक कारण, आणि आजींना ती तिखट-तेलकट भाजी चालत नाही हे दुसरं.

२४ एप्रिल, बुधवार

आज कॅलेंडर घेऊन बसले. पदार्थ ठरवायच्या आधी वार बघायला हवेत, हे काकूंनी सांगितलं म्हणून बरं झालं. ७ मेला लोकसभेचं मतदान आहे, सांगलीतही आणि साताऱ्यातही. ८ ला सकाळपर्यंत अमावास्या, त्या दिवशी आजी उंबरा ओलांडू देत नाहीत. म्हणून निघायचं ९ ला, गुरुवारी. काकांचा गुरुवार असतो, रात्री सोडतात. १० ला शुक्रवारी अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना आंबा दाखवल्याशिवाय आजी आंब्याला हात लावत नाहीत. ११ ला शनिवार, निम्मी माणसं मांसाहार करत नाहीत. उरला रविवार, म्हणजे परतीचा दिवस. मटण रविवारी दुपारी, वाटेतल्या खानावळीत. मुलांनी थोडी कुरकुर केली, पण वार समजावून सांगितल्यावर ऐकलं.

वेळा मोजल्या: नाश्ते तीन, दुपारची जेवणं चार, रात्रीची तीन. दहा वेळा खायचं आहे. त्यातले नाश्ते खोलीच्या भाड्यात धरलेले आहेत.

२८ एप्रिल, रविवार

आज घड्याळ लावून चपात्या केल्या. आमच्या मापाच्या घडीच्या चपात्या एक किलो कणकेत ३२ होतात. मोठ्यांना तीन, मुलांना दीड धरली तर एका वेळेला ५५-५६, पावणेदोन किलो पीठ. लाटायला जाऊबाई, भाजायला मी, तवा एक. एक तास दहा मिनिटं लागली, भाजी-आमटीचा वेळ वेगळा.

स्वयंपाकाचा वेळ भाजीवर जात नाही, चपातीवर जातो. म्हणून चपात्या फक्त एका रात्री करायच्या. बाकी वेळा भात, पुऱ्या किंवा भाकरी, आणि भाकरी आपण थापायची नाही, विकत घ्यायची. यादीत एवढा एक बदल केला आणि काम निम्म्यावर आलं.

आता ठरलं ते असं. ९ ला दुपारी वाटेत घरच्या दशम्या, रात्री चपात्या, वाघ्या घेवड्याची आमटी, भात. १० ला दुपारी आमरस-पुरी, रात्री मुगाची खिचडी आणि कढी, ती फक्त पुरुषांनी करायची. ११ ला दुपारी भाकरी कुठूनतरी, रात्री रिसॉर्टची थाळी, सगळ्यांना सुट्टी. १२ ला दुपारी खानावळ.

पहिल्या रात्री आधी अख्खा मसूर लिहिला होता. घेवडा माझी हौस. साताऱ्याला जातोय, कोरेगाव भागातल्या या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, मुलांना तिथंच बसून तो खायला घालावा असं वाटलं. काकू म्हणाल्या, "पहिल्या दिवशी कडधान्य नको गं, मसूरच ठेव." मी ऐकलं नाही.

३ मे, शुक्रवार

रिसॉर्टला फोन केला. "किचन मिळेल का?" "मिळेल." "फ्रीज?" "आहे." "भांडी?" "आहेत." मी समाधानाने फोन ठेवला. इथं काय चुकलं ते ९ तारखेच्या नोंदीत आहे.

६ मे, सोमवार

गणपती पेठेतून किराणा आणला. इंद्रायणी सहा किलो, कणीक पाच, मूगडाळ एक, घेवडा दीड, साखर तीन, रवा दोन, पोहे दोन, शेंगदाणे दोन, तेल पाच लिटर, गूळ, चहा, मसाले. भडंगासाठी चुरमुरे वेगळे. घरची हळद, घरचंच कांदा-लसूण तिखट.

आधी मी नेहमीसारखं सामान बांधलं: पिठं एका पिशवीत, डाळी एका, मसाले एका. धाकट्या जाऊबाईंनी बघितलं आणि विचारलं, "शुक्रवारी रात्री दादांना खिचडीचं सामान कुठून कुठून काढायला सांगणार?" मग सगळं सोडून पुन्हा बांधलं. प्रत्येक जेवणाची एक पिशवी: तांदूळ-डाळ मोजून, मोहरी-जिरं-हळद-हिंग पुडीत, मीठसुद्धा. पिशवीवर कागद चिकटवला, वार, वेळ, पाणी किती आणि कुणी करायचं. तीन तास गेले. पण तिथं गेल्यावर कुणीही मला येऊन काही विचारलं नाही, याचं कारण हीच पिशवी.

८ मे, बुधवार

सकाळी अमावास्या संपल्यावर काकूंनी दशम्यांची कणीक दुधात भिजवली. दशमीत पाणी नाही, म्हणून ती दोन दिवस मऊ राहते. ७० दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तळलेल्या हिरव्या मिरच्या, लोणचं. काकांसाठी साबुदाणा. पाच किलो चुरमुऱ्यांचं भडंग, जे सगळ्यात आधी संपणार.

घेवड्याचं वाटण इथूनच करून घेतलं. कांदा, सुकं खोबरं, लसूण, तीळ भाजून वाटलं, तेलात चांगलं परतलं आणि डब्यात दाबून वर बोटभर तेल सोडलं. हे मात्र चांगलं जमलं. रिसॉर्टवर कांदा भाजत बसायचा अर्धा तास वाचला आणि वाटणाला वासही आला नाही.

काकूंनी माळ्यावरचं मोठं पितळी पातेलं उतरवलं. २०१९ च्या कृष्णेच्या पुरात आमच्या घरात पाणी आलं होतं. शाळेत राहिलो तेव्हा काकूंनी याच पातेल्यात रोज शंभर माणसांची आमटी केली होती. मापाच्या बाबतीत मी त्यांचाच शब्द धरते, घेवड्याचा अपवाद सोडून.

९ मे, गुरुवार

पहाटे साडेपाचला निघायचं होतं, साडेसहाला निघालो. ट्रॅव्हलर आणि दोन गाड्या. पेठ नाक्यापर्यंत रस्त्याचं काम, कराडजवळ पुलाचं काम, तिथं पाऊण तास गेला. दशम्या साताऱ्याच्या अलीकडे झाडाखाली बसून खाल्ल्या. तिथं ट्रॅव्हलरचे ड्रायव्हरदादा थोडे लांब उभे राहिले, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तीन आठवडे मी तेवीस-तेवीस घोकत होते आणि आमच्यासाठी गाडी चालवणारा माणूस त्यात धरलाच नव्हता. दशम्या भरपूर होत्या, त्यांना बोलावून पंगतीत बसवलं. वहीत तेवीस खोडून चोवीस केलं. गाडी ठरवाल त्याच दिवशी चालकाचं ताट धरा. त्यांच्या मुक्कामाचंही विचारा, तेही मी विचारलेलं नव्हतं. रिसॉर्टने खोली दिली, रात्रीचे ३०० घेऊन.

पसरणी घाटात दोन मुलांना उलट्या झाल्या. दशमी खाऊन लगेच घाट लागला म्हणून. वाईत तासभर थांबायला हवं होतं.

तीनच्या सुमारास पोचलो आणि स्वयंपाकघर पाहिलं. शेगडी दोन बर्नरची, त्यातला एक पेटत नव्हता. सिलिंडर उचलून पाहिला, हलका लागला. फ्रीज ऑफिसमध्ये, छोटा, त्यात पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. 'भांडी आहेत' म्हणजे चहाची दोन पातेली आणि बारा ताटं. मॅनेजर खोटं बोलले नव्हते, मीच अर्धे प्रश्न विचारले होते. विचारायचं ते असं: शेगड्या किती आणि त्यातल्या पेटतात किती, सिलिंडर कधी लावला, संपला तर दुसरा कोण आणून देणार, फ्रीजमध्ये पाच लिटरची कळशी बसेल का, परात-तवा-पोळपाट आहे का. आणि फोटो मागवायचा.

आता घेवडा. सकाळी सहाला पाण्यात टाकून डब्यातून आणला होता, बारा तास भिजला होता. सहाला दहा लिटरच्या कुकरमध्ये लावला. घरी पाच शिट्ट्यांत होतो. पाच झाल्या, उघडला, दाणा कचकच. आणखी तीन, तरी तसाच. एकच बर्नर, त्यामुळे चपात्या थांबल्या, भात थांबला, आजींचा मऊ भातही थांबला. साडेआठ वाजले. मुलं भडंगावर बसली होती.

काकू उठून आल्या. मी त्यांना येऊ देणार नव्हते, पण त्या आल्याच. चमच्याने एक दाणा काढला, अंगठा आणि बोटात धरून दाबला. साल सुटली, आतला भाग दोन टणक फाकांत फुटला. मग रसाचा थेंब जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "चिंच घातलीयस आधी."

घातली होती. वेळ वाचावा म्हणून चिंच, गूळ, मीठ सगळं पहिल्यांदाच कुकरमध्ये टाकलं होतं. आंबट पाण्यात कडधान्याचं साल घट्ट धरून राहतं, ते लवकर शिजत नाही. त्यात घेवडा जुना असावा. काकूंनी ते पाणी उपसून टाकलं, साधं गरम पाणी घातलं, चिमूटभर सोडा टाकला आणि पुन्हा सहा शिट्ट्या केल्या. शिजला. जेवणं सव्वादहाला झाली. चपात्या ५६ करायच्या होत्या, गॅस संपायच्या भीतीने ३० वर थांबवल्या, बाकी भातावर भागवलं. काका दिवसभराच्या उपवासाचे, सव्वादहापर्यंत शांत बसून होते. आजी दूध-दशमी खाऊन झोपल्या.

आमटीची चव छान होती, सगळ्यांनी मागून घेतली. तरी मला पहिल्याच रात्री नियम मोडल्याचं वाईट वाटत राहिलं. काकू पावणेदोन तास उभ्या होत्या.

१० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया

मोठ्या भावोजींनी सकाळी पाचगणीतून पाच किलोचा सिलिंडर आणला, ज्याच्या डोक्यावरच बर्नर बसतो. अनामत धरून १,५०० दिले. आपला घरचा सिलिंडर सांगलीहून आणायचा विचार झाला होता, ड्रायव्हरदादांनी प्रवासी गाडीत सिलिंडर घ्यायला नकार दिला होता, आणि ते बरोबरच होतं. दोन बर्नर झाल्यावर सगळं मार्गी लागलं.

नाश्त्याला दुसरी चूक कळली. भाड्यातला नाश्ता म्हणजे खोलीमागे दोन माणसांचा. सात खोल्यांचे १४. बाळ सोडून आम्ही खाणारे २३. वरच्या नऊ जणांचे १५० प्रमाणे १,३५० भरले. उद्यापासून १४ जणांनी तिथला नाश्ता घ्यायचा आणि बाकीच्यांसाठी आपले पोहे करायचे असं ठरवलं.

आजी, आई-अण्णा, काका आणि काकू सहालाच क्षेत्र महाबळेश्वरला गेले होते. पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं. आजींचा जन्म कृष्णाकाठचा, लग्न होऊन आल्या त्याही कृष्णाकाठी. त्यांनी घरून तांब्याचा तांब्या आणला होता. आई सांगत होत्या, गर्दीत धक्के बसत होते तरी त्यांनी तो स्वतःच्या हाताने धरला, काठोकाठ भरू दिला आणि परत येताना गाडीत मांडीवर घेऊन बसल्या. नैवेद्याच्या पानाशेजारी तोच ठेवला. आजी म्हणाल्या, "हीच बाई आपल्या ओट्यापर्यंत आली होती." आणि तांब्याला हात जोडले.

त्यांना पुरणही हवं होतं. चोवीस माणसांच्या पुरणपोळ्या इथं करायच्या नाहीत हे मी आधीच सांगितलं होतं, पण नैवेद्यापुरत्या दोन करायचं कबूल केलं. पाव किलो डाळ शिजवून पाट्यावर वाटायची सोय नाही, चाळणीतून घासून पुरण केलं. पोळ्या पाच झाल्या.

सव्वानऊला वीज गेली. मिक्सर बंद. चार डझन हापूस, डझन ५०० चा, पहाटेच पाण्यात टाकून ठेवला होता. मुलांना हात धुवायला लावून परातीभोवती बसवलं. माचवून, देठाचा चीक काढून, पिळून, कोयी दुधात धुऊन अर्ध्या तासात रस झाला. हाताने पिळलेल्या रसात रेषा राहतो, मिक्सरच्या पाण्यासारखा होत नाही. साखर घातली नाही, सुंठ आणि मीठ घातलं. आजींना वाटीभरच. मधुमेहामुळे त्यांच्यासाठी पुऱ्या कमी आणि डाळ जास्त असं ठरवलं होतं, आणि त्यांनी पाळलं.

पुऱ्या दीडशे. सव्वादोन किलो कणकेत मूठभर रवा आणि गरम तेलाचं मोहन. एका वेळी कढईत चार, दोघींनी पन्नास मिनिटांत तळल्या. यंदाच्याच वाळवणातल्या कुरडया, बटाट्याची भाजी. पाऊण वाजता पान वाढलं.

भात मात्र फसला. दुसऱ्या बर्नरवर मोठ्या पातेल्यात उघडा लावला होता. वर वाफ, खाली लागलेला, मधे कणी. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर उंच आहे. इथं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. पाणी खळखळतंय म्हणून आपण फसतो, पण ते सांगलीइतकं तापलेलं नसतं. उघड्या पातेल्यातल्या कुठल्याही पदार्थाला इथं वेळ आणि पाणी जास्त लागतं. चहाही दोन मिनिटं जास्त उकळावा लागतो, नाहीतर रंग येतो आणि कडकपणा येत नाही. कुकरमध्ये हा फरक फार थोडा, शिटी एखादी वाढवायची. तेव्हापासून भात, डाळ, बटाटे, सगळं कुकरमध्येच.

रात्रीची खिचडी पुरुषांनी केली. पिशवीवर सगळं लिहिलेलं होतं, तरी एक गोष्ट लिहायची राहिली होती. १,८०० ग्रॅम तांदूळ-डाळ आणि चौपट पाणी दहा लिटरच्या कुकरमध्ये एकदम घातलं, तो गळ्यापर्यंत भरला. शिटीतून पिवळं पाणी उडायला लागलं. ह्यांनी लगेच गॅस बंद केला, थंड होऊ दिला आणि दोन भाग करून लावली. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नये, खिचडी असेल तर अर्धाच. हे आता मी पिशवीवर कायमचं लिहिलं आहे. सांगलीहून आणलेलं तीन लिटर दही प्रवासात आंबलं होतं, फ्रीजमध्येही जागा नव्हती. त्याचीच कढी झाली, बेसन थोडं वाढवलं आणि गूळ घातला.

ते खिचडी करत होते तेव्हा आम्ही सगळ्या टेबल लँडच्या पठारावर होतो. काकू कठड्याशी जाऊन बसल्या, चपला काढून पाय खाली सोडले. खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं पाणी चमकत होतं. त्यांनी कागदाच्या पुडीतलं भडंग एकेक दाणा करत खाल्लं, सूर्य पूर्ण बुडेपर्यंत. मी घड्याळ पाहिलं नाही.

११ मे, शनिवार

नाश्ता ठरल्याप्रमाणे. पोहे माणशी ६० ग्रॅम पुरले, नऊ जणांना साधारण अर्धा किलो.

भाकरीची सोय ड्रायव्हरदादांनी केली. त्यांची या भागात नेहमी ये-जा असते. जवळच्या वाडीतल्या बचत गटाच्या बायका सांगितलं तर जेवण करून देतात. आदल्या दिवशी दुपारी बोलणं झालं, माणशी १३०. ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, खर्डा, इंद्रायणी भात, ताक. चोवीस पानांचे ३,१२०. मी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, आजींचं पिठलं फोडणीत मिरची न घालता. त्यांनी वेगळ्या छोट्या कढईत केलं होतं, आणि भाकरी दुधात कुस्करून द्यायला वाटीही ठेवली होती. अशी माणसं जवळ असतील तर रिसॉर्टची थाळी कशाला घ्यायची, असं अण्णाच म्हणाले.

दुपारनंतर भिलारला गेलो. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं ठेवलेली, कुणीही बसून वाचावं. मुलं दोन तास हलली नाहीत. संध्याकाळच्या खाण्यासाठी पिशवी घ्यायला मी विसरले होते, म्हणून तिथंच तुती आणि हंगामाच्या शेवटाची स्ट्रॉबेरी घेतली. छोटी, आंबट, पण स्वस्त. मुलांना घेऊन फिरताना खाण्याची एक पिशवी गाडीत कायम असावी. २४० रुपये गेले.

सहाला वळीव आला. गारा पडल्या, वीज पुन्हा गेली. रात्री रिसॉर्टची थाळी, ड्रायव्हरदादांसह १६ मोठे आणि ७ मुलं, ९,३००. जेवण ठीक होतं. वाढायला तासभर लागला, कारण त्यांना आधी आकडा कळवला नव्हता. दुपारी चारच्या आत सांगायला हवं होतं. आजींसाठी मी खोलीतच मऊ भात केला होता, ते बरं झालं.

१२ मे, रविवार

सकाळी तेच पोहे. उरलेलं सामान तोलून पाहिलं: तांदूळ सव्वा किलो, कणीक आठशे ग्रॅम, रवा संपूर्ण दोन किलो. रव्याचा उपमा कधीच झाला नाही, कारण नाश्ता भाड्यात होता आणि मी तरीही रवा लिहिला होता. रिकामा सिलिंडर परत केल्यावर अनामतीतले ७८० मिळाले.

साताऱ्याजवळच्या खानावळीत मटण. सतरा जणांनी मटण घेतलं, बाकीच्यांनी अख्खा मसूर. सगळे मिळून ६,१८०. रविवारी दुपारी दोनला तिथं चाळीस मिनिटं रांगेत उभे राहिलो, आधी फोन करता आला असता. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, ते ज्याने त्याने आपल्या पैशाने.

१९ मे, रविवार

हिशेब आज काकांच्या ओसरीवर मांडला. सांगलीचा किराणा ७,८५०, आंबे २,०००, तिथलं दूध-भाजी-फळं २,३४०, गॅस ७२०, भाकरीचं जेवण ३,१२०, थाळी ९,३००, वरचा नाश्ता १,३५०, खानावळ ६,१८०. एकूण ३२,८६०. आजी सोडून चौदा मोठ्यांत वाटले, प्रत्येकी २,३४७. ड्रायव्हरदादांच्या खोलीचे ९०० गाडीभाड्यात धरले. पाचही जेवणं रिसॉर्टवर घेतली असती तर चोवीस माणसांचे तिथंच ४६,५०० झाले असते. आमची तिथली पाच जेवणं, वाटेतल्या दशम्या धरून, २५,३३० मध्ये झाली.

वेळेचाही हिशेब मांडला. चार दिवसांत काकू स्वयंपाकघरात एकूण दोन तास वीस मिनिटं होत्या, त्यातले पावणेदोन तास माझ्या घेवड्याचे. जाऊबाई पावणेतीन तास, मी चार. पुरुषांचे मिळून साडेतीन.

काकूंनी वही मागून घेतली, ९ तारखेचं पान काढलं आणि 'वाघ्या घेवडा' खोडून आपल्या अक्षरात 'अख्खा मसूर, सव्वा किलो, चिंच शेवटी' असं लिहिलं. दिवाळीत औंधला जायचं ठरतंय. रव्याचे लाडू आज केले, उरलेल्या दोन किलोंचे.